करंगळी वर धरून मारायची गाठ

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत इसम वयाच्या एकविसाव्या वर्षी कापडगिरणीतला तयार विणकर होता, आणि तोपर्यंत त्याने गिरणी पाहिलेली नव्हती. गिरणी राहू द्या, माग पाहिलेला नव्हता. मागाला गिरणीत साचा म्हणतात हे मला माहीत होतं, साच्यावर आडवं सूत नेणारा धोटा कसा धावतो हे मी तोंडाने आवाज काढून दाखवू शकत होतो, पहिल्या पाळीचा भोंगा आणि दुसऱ्या पाळीचा भोंगा यांच्या सुरातला फरक मी वाडीतल्या पोरांना गाऊन दाखवत असे. पण हे सगळं शिक्षण झालं ते रत्नागिरीत, भाट्याकडे उतरणाऱ्या रस्त्यालगतच्या आमच्या वाडीत, घराच्या ओटीवर, दोन खांबांच्या मध्ये ताणून बांधलेल्या सुतावर. मास्तर एक, विद्यार्थी एक, आणि परीक्षा घ्यायला वरून कावळे.

मास्तर म्हणजे आमचे बाबा. गुणाजी मांडवकर, साचेखाता. स्वतःची ओळख ते अशीच करून द्यायचे, जणू साचेखाता हे गावाचं नाव आहे. माझं सगळं लहानपण ते मुंबईला आणि आम्ही इथे. शिमग्याला आठ दिवस, गणपतीला दहा दिवस, एवढाच आमचा बाप. बाकीचं वर्षभर तो खुंटीवरच्या एका जुन्या सदऱ्याच्या रूपाने घरात असायचा. मग गिरण्यांचा संप झाला आणि एक दिवस बाबा ट्रंक घेऊन एसटीतून उतरले. ना शिमगा, ना गणपती. आईने दारातच विचारलं, "किती दिवस?" बाबा म्हणाले, "संप मिटेपर्यंत." हे उत्तर पुढे आमच्या घरात इतकं मुरलं की कशालाही तेच चालायचं. घराला रंग कधी? संप मिटेपर्यंत थांब. बाबांची दाढ कधी काढायची? तेच.

घरात बसलेला गिरणी कामगार ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. पहिल्या पाळीची सवय. कोंबड्याच्या आधी हा माणूस उठायचा, चूळ भरायचा, सदरा घालायचा आणि ओटीवर येऊन उभा राहायचा. कुठे जायचं ते नाही. मग सदरा काढून पुन्हा खुंटीला. आई त्या वेळी चुलीपाशी असायची. ती काजूच्या कारखान्यात सोलायला जायची. काजूच्या सालीच्या तेलाने तिच्या बोटांची कातडी काळी पडून भेगाळली होती, भाकरी थापताना ती तळहाताचाच वापर जास्त करायची. आमच्याकडची भाकरी म्हणून मधे जाड आणि कडेला पातळ, आणि मला अजून तशीच आवडते. घर तिच्या त्या बोटांवर चाललं होतं. बाबांना ते माहीत होतं. म्हणून ती कामाला निघाली की ते पाठ करून बसायचे आणि ती पाखाडीच्या पायऱ्या उतरून दिसेनाशी झाली की वळायचे.

आणि मी? मी मॅट्रिक पास. त्या काळच्या रत्नागिरीत मॅट्रिक पास म्हणजे कुठल्याच कामाला न लागणारी लायकी. रोजगार केंद्राचं कार्ड होतं, ते मी इतक्या वेळा दाखवलं की घडीवर फाटलं. मासे गोठवण्याच्या कंपनीत गेलो, तिथला माणूस म्हणाला, मॅट्रिक झालेली पोरं कोळंबी सोलताना तोंड वाकडं करतात. मिरजोळ्याच्या बाजूला कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, तिथे गेलो, तर रखवालदार म्हणाला, "अजून मशीन यायचंय." सहा महिन्यांनी गेलो, "मशीन आलंय, साहेब यायचाय." माझ्या वयाची सगळीच पोरं तेव्हा अशी कुणाची ना कुणाची वाट बघत स्टँडसमोरच्या कट्ट्यावर बसलेली असायची. येणारी प्रत्येक एसटी आम्ही बघायचो. त्यातून आमच्यासाठी कोणी उतरलं नाही.

बाबांचं म्हणणं, कशाला वणवण करतोस? तेव्हा गिरणीत एक रीत होती. बाप थकला की त्याने राजीनामा द्यायचा आणि आपल्या जागेवर मुलाला चिकटवायचा. "संप मिटला की मी वर्षभर काम करीन आणि माजी जागा तुला देईन," ते म्हणायचे. "पण माज्या जागेवर माज्यासारखा पायजे. जॉबरनं म्हटलं पायजे, गुणाजीचा पोर दिसतोय." म्हणून ओटीवर ही शाळा. त्यांनी ट्रंकेतून सुताचे दोन कोन, म्हणजे निमुळती मोठी रिळं, आणले होते. खांबांना सूत बांधायचे, कात्रीने मधेच कापायचे, आणि मला म्हणायचे, "मार."

तुटलेल्या सुताला मारायची ती गाठ. सांगायला सोपी आहे. दोन टोकांची फुली करून अंगठ्याखाली दाबायची, एक टोक नखाभोवतीनं फिरवून पोटातून काढायचं आणि ओढायचं. गाठ इतकी बारीक झाली पाहिजे की फणीच्या दातातून अडकल्याशिवाय सरकली पाहिजे. बाबा डावखुरे. मी उजवा. पण गाठ त्यांनी मला त्यांच्या शेजारी बसवून, त्यांच्यासारखी, डाव्या हाताने शिकवली.

"सुताकडे नको बगू. सूत काय पळून जात नाय."

"मग कुटं बघू?"

"साच्याकडं बग."

"साचा कुटंय?"

"हा काय समोर." आणि समोर असायचा फणस.

तर मी फणसाकडे बघत गाठी मारायला शिकलो. दोन पावसाळे गेले. माझी गाठ डोळे मिटून पडायला लागली. बाबांच्या हाताची लकब न लकब मी उचलली होती. ओढताना ते करंगळी ताठ वर धरायचे, चहाचा कप धरणाऱ्या साहेबासारखी, मीही धरायचो. मला वाटायचं, तोच या कलेतला दागिना आहे. कधी कधी आई कामावरून येऊन डोक्यावरचा पदर सोडत आमच्याकडे बघत उभी राहायची. एकदा म्हणाली, "दोगं मिळून निदान माजी चोळी तरी शिवा." बाबा हसले नाहीत. त्यांनी आणखी एक सूत कापलं.

मग त्या उन्हाळ्यात कट्ट्यावर बातमी आली. मुंबईच्या एका गिरणीचा माणूस स्टँडजवळच्या लॉजवर उतरलाय, पोरं भरतोय. संप चालू असताना गिरणी नव्या पोरांवर चालवायची होती. आत राहायचं, आत जेवायचं, गिरणीच्या आवारातच झोपायचं, कारण बाहेर संपवाले होते. आणि एक अट होती: संपवाल्याच्या घरातला पोर घ्यायचा नाही. आत जाऊन बोंब मारील. बाबांच्या गिरणीतलीच ही भरती आहे हे कळल्यावर तर मला घाम फुटला. बाबांनी गावदेवीच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली होती, संप मिटल्याशिवाय त्या गेटातून आत पाऊल टाकणार नाही म्हणून. आणि गेटातून आत जाणाऱ्यांना आमच्या घरात जे नाव होतं ते छापण्यासारखं नाही.

मी गेलो. आजही कोणी विचारलं की का गेलास, तर माझ्याकडे एकच उत्तर आहे: आईची बोटं. पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मी एकवीस वर्षांचा होतो, मला एक गोष्ट उत्तम येत होती, आणि ती एका फणसाशिवाय कोणी पाहिली नव्हती.

लॉजवरच्या खोलीत तीसेक पोरं भिंतीला टेकून उभी होती. टेबलापलीकडे पन्नाशीचा एक जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बसला होता, टक्कल, जाड चष्मा, समोर पोरांची यादी. अर्जुन पाष्टे. टेबलावर लाकडी चौकट आणि तिला सूत बांधलेलं. बाकीच्या पोरांना तो फक्त नाव, उंची विचारत होता आणि डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघत होता. ज्याला काही येतं त्याने पुढे यावं म्हणाला. मी पुढे झालो.

"नाव?"

"वसंत रामाणे." रामाणे हे आईचं माहेर.

"बापाचं?"

"शंकर." हा माझा मामा. माफ कर मामा.

त्याने कात्रीने सूत कापलं. आता बघा, माझ्यातला नट जागा झाला. मी खोलीभर एकदा नजर फिरवली, डोळे मिटले आणि गाठ मारली. तो कापत गेला, मी मारत गेलो. पोरं टाळ्या वाजवायच्या बेतात होती. मी डोळे उघडले तेव्हा अर्जुन पाष्टे सुताकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता.

"करंगळी खाली घे," तो म्हणाला.

मी खाली घेतली. गाठ सुटली.

"परत मार."

परत सुटली. हात जणू दुसऱ्याचा होता.

"गाठीला करंगळी लागत नाय," तो हळू म्हणाला. "साच्यातून धोटा उडून एका माणसाच्या हातावर बसला होता. करंगळी मोडली, ती ताठच जोडली गेली. मी बाजूच्या साच्यावर होतो, मीच त्याला हॉस्पिटलात नेला. त्या दिवसापासून तो अशी गाठ मारायचा. मलाही गाठ त्यानंच शिकवली. गुणाजी मांडवकर. तुजा कोण?"

मला दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनीही नाही. मी मोडलेल्या बोटाची नक्कल करून तिला कला समजत होतो. पण त्या क्षणी हा विचार करायला सवड नव्हती.

"शेजारी," मी म्हणालो. "शेजारी राहतात. त्यांनी शिकवली."

अर्जुन पाष्ट्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "कसा हाय? दोन वरसं झाली बगून. संपावर हाय ना? असू दे, असू दे. उद्या जाऊन भेटतो."

तो घरी येणार. आई दारात म्हणणार, वशा, पाहुण्यांना पाणी दे. संपलं. एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून सरकन गेलं आणि माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडला.

"वारले."

अर्जुन पाष्ट्याने चष्मा काढला.

"कधी?"

"शिमग्याच्या आधी. छातीत कळ आली."

आणि मग, देवा, मी थांबलो नाही. मला थांबताच येत नाही, तेव्हाही नव्हतं. बाबा कसे ओटीवर बसल्या बसल्या गेले, त्यांच्या हातात सूत कसं होतं, आई कशी रडली, वाडी कशी लोटली, सगळं सांगितलं. सांगता सांगता मला खरंच हुंदका आला. खोटं रडणं मला चांगलं येतं, पण ते तसं नव्हतं. बाप मेल्यावर काय होतं ते मला त्या लॉजच्या खोलीत, बाप धडधाकट असताना कळलं. अर्जुन पाष्ट्याने माझं नाव यादीत घातलं. "गुरुवारी सकाळी सात वाजता स्टँडवर," तो म्हणाला, आणि पुन्हा चष्मा पुसायला लागला.

मी जिना उतरलो तो खुशीत. काय डोकं चालवलंस वशा! मेलेल्या माणसाला कोण भेटायला येणार? कोकणात जन्माला येऊन इतका मूर्ख मीच असेन. आमच्याकडे जिवंत माणसाकडे दहा वर्षं कोणी फिरकणार नाही, भाऊबंद एकमेकांच्या दारावरून मान वळवून जातील. पण मयत झालं म्हटलं की माणूस हातातलं काम टाकून समाचाराला जातो. वैर असलं तरी जातो. संप असला तरी जातो. बाबा जिवंत असते तर अर्जुन पाष्टे कदाचित आलाही नसता. संपवाल्याच्या दारात जॉबर कसा जाणार, म्हणून लाजला असता. मी त्याची ती अडचण दूर केली होती.

तो आला मंगळवारी दुपारी. आईला त्या दिवशी सुट्टी, ती अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. मी छपरावर होतो. पावसाआधी छपरावरचे नळे, म्हणजे आमच्याकडची गोल कौलं, परतायची असतात. ओटीवरचे नळे काढून मी बाजूला रचले होते, त्यामुळे खालची सगळी ओटी मला नाटकगृहाच्या माडीवरून दिसावी तशी दिसत होती. शिडी पुढच्या बाजूला लावलेली. म्हणजे उतरायचं तर रंगमंचावरच.

पाखाडीच्या पायऱ्या चढून एक टक्कल येताना दिसलं. हातात कागदाचा पुडा, समाचाराला नेतात तसा. मान खाली. माझ्या दोन्ही हातांत एकेक नळा होता, ते तसेच राहिले.

"वैनी, मी अर्जुन पाष्टे. गुणाजीबरोबर साचेखात्यात होतो." त्याने पुडा आईच्या सुपाशेजारी ठेवला. "साखर हाय. मला परवाच कळलं. काय बोलू सुचत नाय."

आईला वाटलं संपाबद्दल बोलतोय. ओटीवर पाट सरकवत ती म्हणाली, "बसा. बोलून काय व्हनार? आता सवय झाली."

"धीर धरलात."

"न धरून सांगतंय कुणाला? सकाळी कामाला जातंय, सांजचं येतंय. थांबा, पाणी देतंय, ह्यांना पण उठवतंय."

"कुणाला?"

"ह्यांना."

आणि बाबा बाहेर आले. उघडे, खांद्यावर पंचा, डोळ्यांत झोप. अर्जुन पाष्टे असा उभा राहिला की पाट उलटा झाला. मला वरून त्याचं टक्कल दिसत होतं. ते क्षणात घामाने चमकायला लागलं.

"गुणाजी, तू हायस?"

"मग कुटं जाणार? संप मिटल्याशिवाय जात नाय मी," बाबा म्हणाले. मग माणूस ओळखला. "अर्जुन? तू इकडं कसा?"

अर्जुन खाली बसला आणि सांगत सुटला. लॉज, पोरं, चौकट. तुझ्या शेजारचा तो पोर, रामाणे, डोळे मिटून गाठ मारतो, तोच म्हणाला रे, शिमग्याच्या आधी, छातीत कळ. आईने खांब धरला. रामाणे हे नाव ऐकल्यावर त्या घरात कुणालाही आणखी काही सांगायची गरज नव्हती. मी वर अंग चोरून बसलो. आता बाबा वर बघणार. आता शिवी येणार. माझं काम गेलं, आणि बापही गेला, दोन्ही एकाच दुपारी.

बाबांनी वर बघितलं नाही. ते आपल्या डाव्या हाताकडे बघत होते.

"करंगळी वर धरली?" त्यांनी विचारलं.

"वर."

"डाव्या हातानं?"

"डाव्या. हुबेहूब तू."

त्यांनी ती करंगळी उजव्या हाताने एकदा चोळली. मग बाबा हसल्यासारखे झाले. "होय. शेजारचाच पोर. मीच शिकवली. जरा गोष्टी रचतो, पण हात चांगला हाय."

"पण तुला मारलान कशाला?"

"काम पायजे त्याला. माजं नाव लागलं असतं तर घेतला असतास?"

अर्जुनने टकलावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "नसता घेतला. वरून हुकूम हाय."

"म्हणून."

"बापूस काय करतो त्याचा?"

वरून मला बाबांचं डोकं दिसत होतं, मधे विरळ झालेले केस, मानेवरची घामोळी. त्यांनी पंचाने मान पुसली.

"बापूस नाय त्याला," ते म्हणाले.

मी पुढे आयुष्यात बऱ्याच मोठ्या रंगमंचांवर बऱ्याच मोठ्या नटांची कामं पाहिली. एवढं सहज वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. माझ्या हातातला एक नळा घसरला आणि छपरावरून गडगडत मागच्या केळींमध्ये पडला. खाली कोणी मानही वळवली नाही.

चहा झाला नाही. बाबांनी पुडा उचलून अर्जुनच्या हातात दिला. "साखर घेऊन जा. पोराचं काय ते पोराबरोबर. माजा अजून संप हाय, तुज्या हातचं काय घेनार नाय." अर्जुन उठला. समाचाराला गेलेला माणूस निघताना 'येतो' म्हणत नाही, तशी आमच्याकडे रीत आहे. बिचारा इतका गोंधळला होता की काही न बोलता पायऱ्या उतरायला लागला. तेव्हा बाबांनी मागून ओरडून सांगितलं, "अरे, येतो म्हण मेल्या! जिवंत हाय मी!"

मग ते आत गेले. जाताना छपराकडे न बघता म्हणाले, "कोपऱ्यातला नळा पण फुटलाय. तेवढा बदल."

संध्याकाळी आईने कुळथाची पिठी केली होती आणि भाजलेलं सुकट. मी पानावर बसलो ते चोरासारखा. आईने बाबांना वाढलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मेलेल्याला आदी वाढलंय हां. आमची रीत हाय. तू घे हाताने." तिचा आवाज चिडलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. मी म्हणालो, "मी जात नाय." बाबा भाकरी पिठीत बुडवत राहिले.

"जायला पायजे," ते म्हणाले.

"तुम्ही शपथ घेतलीत."

"मी घेतली. तू नाय घेतलीस. संप माजा हाय." मग हात धुवायला उठता उठता, "ती करंगळी खाली घ्यायला शीक. मोडलेली होती ती. तुला सांगायचं राहिलं."

मी शिकलो नाही. आज लेंग्याची नाडी ओढतानाही ती वर जाते. माझी नात हसते, आणि मी तिला सांगतो की हा आमच्या घराण्याचा दागिना आहे. पुढचं सांगत नाही.

गुरुवारी मी उठलो तेव्हा बाबा ओटीवर ट्रंकेपाशी बसले होते. ती त्यांचीच ट्रंक, मुंबईहून आणलेली. तिच्यावर पांढऱ्या रंगाने त्यांचं नाव होतं. ते त्यांनी पात्याने खरवडून काढलं होतं आणि त्याच जागेवर, होडीवाल्याकडून मागून आणलेल्या निळ्या रंगाने, डाव्या हाताच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: व. शं. रामाणे. रंग अजून ओला होता. आईने वाटेसाठी भाकऱ्या बांधल्या, त्या मधे जाड, कडेला पातळ. ती दारापर्यंत आली आणि कामाला जायचं म्हणून तिथूनच वळली. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मी येतो स्टँडपर्यंत," बाबा म्हणाले. "शेजारी म्हणून."

ट्रंक त्यांनी मला घेऊ दिली नाही, खांद्यावर घेतली. रंग सदऱ्याला लागला. स्टँडवर लालगाडी लागली होती. तीस पोरं, कुणाच्या आया, कुणाच्या बहिणी. कट्ट्यावर आमच्याच बाजूचे दोघं संपवाले बसले होते, बाबांबरोबरच गावी परतलेले. त्यांनी बाबांना बघितलं, मला बघितलं, ट्रंक बघितली, आणि दोघंही उठून चहाच्या टपरीमागे गेले. बाबांनी ते पाहिलं. ते ट्रंक टपावर चढवून देत राहिले.

अर्जुन पाष्टे यादी घेऊन दारात उभा होता. त्याने बाबांना हात केला. बाबांनीही केला, शेजाऱ्याने करावा तेवढाच. मला पाया पडायचं होतं. शेजाऱ्याच्या पाया पडायला काही हरकत नसते, वडीलधारा असतो. पण मला भीती वाटली की एकदा वाकलो तर उठता येणार नाही. मी नुसताच उभा राहिलो. "चला, रामाणे," बाबा म्हणाले, "गाडी सुटंल." मी चढलो आणि खिडकीपाशी बसलो.

पुढचं इथेच सांगून टाकतो, म्हणजे मग सांगावं लागणार नाही. मी त्या गिरणीत चौदा महिने काम केलं. चौदा महिने मी रामाणे होतो, अर्जुन पाष्ट्याने यादीतलं ते नाव शेवटपर्यंत बदललं नाही. मग एका सकाळी गिरणीनेच गेट बंद केलं, आमच्यासकट, आणि संपवाले बाहेर नि आम्हीही बाहेर, सगळे एकाच फुटपाथवर. बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. त्या दुपारचा शब्दही त्यांनी कधी काढला नाही. तो संप मागे घेतल्याचं आजतागायत कोणी जाहीर केलेलं नाही. बाबा खरोखर गेले, ओटीवर नाही, सरकारी दवाखान्याच्या खाटेवर, तेव्हाही ते संपावरच होते.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी मागे येऊन वळायला लागली. बाबा टपरीच्या बाजूला उभे होते, हात पाठीमागे, खांद्यावर निळा डाग. शेजाऱ्याचं काम त्यांनी शेवटपर्यंत चोख केलं होतं. मी हात हलवला नाही, तेही हलले नाहीत. गाडीने फाटक ओलांडलं, अर्जुन पाष्टे पुढच्या सीटवर यादी दुमडत होता, आणि तेवढ्यात माझा बाप धावत सुटला. सगळ्या स्टँडासमोर, टपरीमागच्या दोघांसमोर, अर्जुन पाष्ट्यासमोर, माझ्या खिडकीखाली हात आपटत, एवढ्या मोठ्यानं की ड्रायव्हरनेसुद्धा मान वळवली:

"वशा! संप मिटला की सांग हां सगळ्यांना, तू माजा हायस म्हणून!"